मामाच्या भिंतीतली वायर

माझ्या सुगतमामानं केलेला गिलावा बघायचा असंल तर भिंतीवर हात फिरवून काही कळत न्हाई. गाल लावायचा. मी लहानपनी लावायचो. उन्हाळ्यात मामा काम संपवून हात धुवायला गेला की मी नव्या भिंतीला गाल लावून उभा राहायचो. मामा मागून यायचा आन म्हनायचा, "चाटू नको, सिमिट हाय."

मी संघपाल. नववीत शाळा सोडली. कोनी विचारलं तर सांगतो, लाज न्हाई त्याची. आमचं गाव बिलोली तालुक्यात. माय म्हनली, नांदेडला मामाकडं जा, इथं नुस्तं फिरतोस. मामानं मला खाऊ घातलं, गाडी शिकायला लावलं, लायसन काढून दिलं. आता मी टेम्पो चालवतो. मामाबद्दल कोनी वाकडं बोललं तर मी तोंड फोडतो. एकदा एका ठेकेदाराचं फोडलंय. मामानं मला त्याच्यापुढं माफी मागायला लावली, ती मी मागितली, पन त्याच्याकडं न बघता.

मामा गवंडी. सगळे त्याला सुगत मिस्त्री म्हनतात. वाघाळ्याकडच्या नव्या घरांत त्याचा हात लागलेला हाय, लातूरला क्लासवाल्यांच्या उंच उंच इमारतींत बी. तिथं दोरानं सोडलेल्या पाळण्यात बसून बाहेरून गिलावा केला त्यानं, तेव्हा लुंबिनीताई नर्सिंगला होती. लुंबिनीताई म्हंजे मामाची एकुलती पोरगी. माझ्यापेक्षा मोठी.

मामाचा एक कायदा हाय. घरात वायर दिसली न्हाई पायजे. "वायर लोंबली की घर न्हाई, मंडप वाटतंय," म्हनायचा. दिवाळीच्या सुट्टीत गावाकडं यायचा तर आमच्या मातीच्या भिंतीत बी त्यानं बल्बची वायर बुजवली होती. माय वराडली, "दादा, माती हाय ती, पडंल." पडली न्हाई. अजून हाय.

आता मामीचं सांगतो.

सिंधुमामी म्हंजे बोलन्याचं मशीन होती. गल्लीत कोन चाललंय ते घरात बसून चपलीच्या आवाजावरून सांगायची. "केवळाबाई चालली, आज घाईत हाय." दारात जाऊन बघितलं तर केवळाबाईच. मग गेल्या साली तिला लकवा झाला. उजवं अंग गेलं. मान डाव्या बाजूला वळून राहिली ती राहिलीच, खाटंवर पडली की तिला समोरची एकच भिंत दिसती. बोलनं तुटक झालं. आवाज इतका बारीक की तोंडाला कान लावा. आन डोक्यात पन काही तरी झालं. मामाला वळखती. मला कधी वळखती, कधी "भाजीवाला" म्हनती. मी म्हनतो, "हाव मामी, काय देऊ?" काय करनार.

लुंबिनीताई तिकडं आखाती देशात एका दवाखान्यात सिस्टर हाय. करार झालेला हाय, मधी येता येत न्हाई. लई हात जोडले तिनं तिथं. न्हाई म्हनाले. मग फोनवर बोलायची, व्हिडिओवर. एक दिवस मामानं फोन मामीच्या तोंडापुढं धरला. ताई म्हनली, "माय." मामीनं लई येळ बघितलं आन मामाला विचारलं, "कोन हाय गा ही?"

ताईनं क्यामेरा बंद केला. आवाज चालू होता. नाक वढल्याचा आवाज आला.

मामा त्या दिवशी कामाला गेला न्हाई. भाकर तशीच ताटात. संध्याकाळी मला म्हनला, "संघ्या, चूक आपली हाय."

"काय चूक?"

"फोन केवढा? एवढुसा. त्यात मानूस मुंगीएवढं दिसतंय. आपल्याला तरी वळखू येईल का? तिची नजर कमी झाली लकव्यात. पोरगी मोठी दिसाया पायजे. भिंतीएवढी. मग वळखंल."

मला पटलं. खरं सांगतो, शंभर टक्के पटलं. टीव्ही तर समोरच्या भिंतीवर होताच, मामी बघती त्याच भिंतीवर. ताईनंच जायच्या आधी घेतलेला. साधा हाय, नेटचा न्हाई. त्याच्यात फक्त ताईला आनायचं होतं.

जुन्या मोंढ्याकडं मन्मथअप्पाचं दुकान हाय. वायरी, रिमोट, स्पीकर, सगळं. मामानं त्याचं घर बांधलंय म्हनून मामाला स्टूल देतो बसायला, मला न्हाई.

"अप्पा, मोबाइलमधलं टीव्हीत आनायचं हाय," मी म्हनलो.

त्यानं एक बारका तुकडा दिला. एकीकडून फोनच्या चार्जिंगच्या भोकात घालायचा, दुसरीकडून वायर टीव्हीला. घरी आलो, लावलं. काहीच न्हाई. दुसऱ्या दिवशी परत दुकानात.

"अप्पा, काही येईना."

अप्पानं माझा फोन हातात घेऊन उलटासुलटा बघितला आन हसला. "ह्या भोकातून चित्र बाहेर येत न्हाई बाबा. तुझ्यात फक्त करंट आत जातंय. काही फोनला ह्याच भोकातून चित्र येतंय."

"भोक तर सेम हाय की!"

"दिसायला सेमच असतंय."

मामा म्हनला, "मग वळखायचं कसं, अप्पा?"

"बघून वळखू येत न्हाई, सुगतराव. लावूनच बघावं लागतंय."

 मला तेव्हा राग आला अप्पाचा. आदीच सांगता येत न्हवतं का.

मग ताईचा नर्सिंगच्या येळचा ल्यापटॉप काढला. त्याला एचडीएमआयचं भोक हाय, टीव्हीला बी हाय. हे दोन्ही नक्की होतं. पन ल्यापटॉप ठेवायचा मामीच्या तोंडाजवळ, कारन क्यामेऱ्यानं मामी दिसाया पायजे आन तिचा आवाज ऐकू जाया पायजे. टीव्ही समोर. मधनं वायर टाकली तर मामीचं भांडं न्यायला, तिला उठवायला, मालिशवाली बाई येती तिला, सगळ्यांच्या पायात. म्हंजे वायर भिंतीनं जानार. खाटंपासून वर, दाराच्या वरून, कोपऱ्यातून वळून, टीव्हीपर्यंत. मामानं लाइनदोरीनं मापलं आन गाठ मारून तीच दोरी घेऊन दुकानात गेला.

अप्पा म्हनला, "दोरी घेऊन आलेत, वायर न्यायची हाय का बैल?"

"बैल असता तर ह्यालाच बांधलं असतं," मामा माझ्याकडं बोट करून म्हनला. लई दिवसानं हसला तो.

अप्पानं एक एक डब्बा काढला. एकावर सोन्याचं तोंड हाय म्हनून लिवलेलं. मी म्हनलो, "ही द्या, भारीतली." अप्पा म्हनला, "सोन्यानं चित्र चांगलं येत न्हाई. गंज लागत न्हाई एवढंच. खोटं कामून बोलू? आन एवढ्या लांबीला तांब्याची वायर घेतली तर चित्र मधीच दम सोडतंय. चमकतंय, काळं व्हतंय."

"मग?"

"ही घ्या. फायबरची. आत तांबं न्हाई, काच हाय, केसासारखी. त्यातून उजेड पळतंय."

मामाला ते लई आवडलं. डब्बा हातात घेऊन म्हनला, "म्हंजे काचंतून येनार म्हना की पोरगी."

"हाव. जपून मात्र."

"उंदरापासून?"

"उंदरापासून बी," अप्पा म्हनला, आन तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं.

लुंबिनीताईनं ऐतवार ठरवला. दुपारी, ड्यूटीवर निघायच्या आधी. मामा म्हनला, ऐतवारी भिंतीवर दिसशील बघ. ताई म्हनली, "पप्पा, वळखंल ना माय?" मामा म्हनला, "न वळखायला काय झालं? एवढी मोठी दिसनार तू."

मला मधी लातूरला जावं लागलं, क्लासच्या बाकड्यांचा लोड होता. जाताना मामाला म्हनलो, "मी आल्यावर वायर लावू. तुम्ही हात लावू नका." मामा "हाव" म्हनला. त्याच्या हाव म्हनन्याला काही अर्थ नसतो हे मला कळाया पायजे होतं.

शनिवारी आलो तर मामा भिंतीवर पानी मारू लालता. नव्या गिलाव्याला पानी मारतात, तराई म्हनतात त्याला. भिंत ओली, करडी, अख्खी.

"वायर कुठं हाय?"

"वळख," मामा म्हनला. बारक्या पोरासारखा तोंड दाबून हसत होता.

मी भिंतीला गाल लावला. खरंच लावला. काहीच कळंना. खाटंपाशी एक तोंड बाहेर, टीव्हीमागं एक तोंड बाहेर, मधी नुस्ती भिंत. खाटंवरून मामी बी तिकडंच बघत होती.

"पाइप टाकला का आत?"

"वायरचं मुंडकं हे एवढं. पाइपात जाईना. जाईल एवढा पाइप घेतला तर चार इंची भिंत कापून पलीकडं केवळाबाई दिसली असती. मग भिंतीत झिरी मारली, बारीक खाच, आन तशीच दाबली सिमिटात."

"लावून बघितली का आदी?"

मामानं माझ्याकडं असं बघितलं जसं तो जास्त वाळू टाकनाऱ्या गड्याकडं बघतो. "नवी हाय गा. डब्ब्यातली."

ऐतवारी दुपारी मामानं मामीचे केस विंचरले. तिला ती निळी साडी नेसवली, ताईनं पाठवलेली. खाटंला उशी लावून थोडं उठवलं. मी ल्यापटॉप लावला, टीव्ही लावला.

निळा पडदा. त्याच्यावर इंग्रजीत दोन शब्द.

"काय म्हनतंय ते?" मामा.

"सिग्नल न्हाई म्हनतंय."

काढलं, परत लावलं. फुंकलं. ल्यापटॉप बंद करून चालू केला. सिग्नल न्हाई. तेव्हा मी पहिल्यांदा वायरचं तोंड नीट बघितलं. बारीक अक्षरात काही तरी होतं. इंग्रजी मला अक्षर लावून लावून येतं. टीव्हीकडच्या तोंडावर लिवलेलं, सोर्स. खाटंकडच्यावर, डिस्प्ले. अप्पाला फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"अरे बाबा, ह्या वायरला तोंड-शेपूट असतंय. उजेड एकाच बाजूनं पळतंय. डिस्प्ले टीव्हीत पायजे."

मामा म्हनला, "अप्पा, दोन्हीकडून सेम हाय की ते. नळाच्या पाइपाला कुठं असतंय तोंड-शेपूट?"

"ह्याला असतंय, सुगतराव."

मामा खाली बसला. पन माझं डोकं थांबत न्हाई. मी म्हनलो, "थांबा. टीव्ही काढून खाटंपाशी आनू, ल्यापटॉप तिकडं नेऊ. चित्र तर येतंय का बघू. आलं तर खाट फिरवू, मामीचं तोंड तिकडं करू, काही तरी करू." टीव्ही उतरवला. उलटं लावलं.

सिग्नल न्हाई.

अप्पा फोनवर अजून होताच. त्यानं विचारलं, "कोपऱ्यात कशी वळवली?"

"कशी म्हंजे?" मामा म्हनला. "गुन्यात." गुन्या म्हंजे गवंड्याची लोखंडी काटकोनी पट्टी, कोपरा बरोबर हाय का बघायची. "बरोबर गुन्या लावून, थापीनं ठोकून बसवली. कोपरा बघा येऊन, सुरीसारखा हाय."

अप्पानं तिकडं गिऱ्हाईकाला थांब म्हनलं. मग म्हनला, "आत काच हाय ना, सुगतराव."

दुसरा कोनी टुकार मिस्त्री असता तर कोपरा गोलगोल झाला असता आन वायर वाचली असती. मामाचा कोपरा चांगला होता म्हनून ती मेली.

तेवढ्यात ल्यापटॉप वाजाया लागला. ताई. निघायच्या आधीचा थोडाच येळ तिच्याकडं. मामा उठला आन पिशवीतनं छन्नी-हातोडा काढला.

"मामा, तुटलीय ती. फोडून काही व्हनार न्हाई."

"कोपऱ्यात सरळ करतो."

"काच सरळ व्हती का?"

त्यानं ऐकलं न्हाई. घाव घातला. आपल्याच भिंतीवर, अजून ओल्या. ढपला पडला, वायर दिसली. मामानं तिला धरून वढली तर येईना, सिमिटानं धरून ठेवलेली, मामाच्याच सिमिटानं. अजून फोडलं. मामी घाबरून रडाया लागली, त्या बारीक आवाजात, मांजरीसारखी. मामाला ऐकू गेलं न्हाई का त्यानं ऐकलं न्हाई, मला म्हाईत न्हाई. मी जाऊन त्याचा हात धरला. मामाचा हात मी पहिल्यांदाच असा धरला. 

"बसा तुम्ही. मामीपाशी बसा."

मी पळालो. चौकातल्या मोबाइलच्या दुकानातून साधी वायर आनली, हातभर लांब, तांब्याची. त्या पोरानं विचारलं पन न्हाई कशाला पायजे. टीव्ही स्टुलावर ठेवला, मागं विटा लावल्या पडू नये म्हनून, खाटंला चिकटवून, मामीच्या नजरेसमोर. ल्यापटॉप बाजूला. वायर लावली. लागलीच आलं. एवढंच होतं ते. मी मामाकडं बघितलं न्हाई.

आन ताई आली. खरंच भिंतीएवढी वाटली. निळे कपडे ड्यूटीचे, गळ्यात कार्ड, केस बांधलेले. डोळ्याखालचे काळे डाग बी दिसत होते.

"माय," ताई म्हनली.

मामीचं रडनं थांबलं. ती बघू लाली. मामानं माझं मनगट धरलं. ताई तिकडं श्वास धरून, आमी इकडं. मामीच्या तोंडावर असं काही तरी आलं, वळखल्यासारखं. मामा पुढं वाकला.

"सिस्टर," मामी म्हनली, "आज सुई नका टोचू."

ताईचं तोंड तसंच राहिलं.  मग ती म्हनली, रोज पेशंटला म्हनत असंल तशाच आवाजात, "न्हाई टोचत, मावशी. जेवलात का?"

"हाव. ह्यांनी चारलं." मामीनं डाव्या हातानं मामाकडं दाखवलं. मग म्हनली, "माझी पोरगी बी सिस्टर हाय."

"हो का? कुठं असती?"

"फोनात असती." मामीनं बोटाच्या पेराएवढं दाखवलं. "एवढुशी हाय."

मामा उठला. उठला तो एकदम फोन शोधाया लागला, उशीखाली, खिशात, "संघ्या फोन, संघ्या माझा फोन," असं करत. सापडला. त्यानं ताईला फोनवर लावायला लावलं. एकीकडं टीव्हीत मोठी ताई, एकीकडं फोनात बारकी ताई, दोन्हीकडं सेमच. मामानं फोन मामीच्या डोळ्यापुढं धरला. "ही बघ, सिंधे. फोनात. लुंबिनी. ही बघ की."

मामीनं बघितलं. फोनात बघितलं, टीव्हीत बघितलं.

"कोन हाय गा ही?" ती म्हनली.

ताईला जायचं होतं. तिकडं कोनी तरी तिला हाक मारू लालतं. ती म्हनली, "पप्पा, राहू द्या. जिवाला लावून घेऊ नका. मी येते मावशीला बघायला परत ऐतवारी." मावशी म्हनली ती. आपल्या मायला.

आता दर ऐतवारी सिस्टर येती. मामी तिला सगळं सांगती. पाय दुखतो, भाजीवाला चोर हाय, पोरगी फोन करत न्हाई. सिस्टर म्हनती, "करंल, मावशी. कामात असंल." मी तेव्हा टेम्पोत जाऊन बसतो.

मामानं टीव्ही परत भिंतीवर लावला न्हाई. स्टुलावरच हाय, विटा लावून. हातभर वायर लोंबती, सगळ्यांना दिसती. आन ती फोडलेली भिंत तशीच हाय, खाटंपासून कोपऱ्यापर्यंत, आत मेलेली वायर. एका दुपारचं काम हाय मामाला बुजवायला. दुसऱ्याच्या घरात केसाएवढी भेग असली तर झोपत न्हाई हा मानूस. मी दोनदा माल कालवून दिला. तो घमेल्यातच वाळून गेला.

परवा मामी सिस्टरला म्हनली, "ती भिंत बघा. आमच्या ह्यांनी केली. गाल लावून बघा."

ताईनं तिकडनं पडद्याच्या काचंला गाल लावला. मामा थापी हातात घेऊन दारात उभा होता.

मामाला कोनी काही केलं की मी जातो, तोंड फोडून येतो. ह्यात कोनाकडं जाऊ, तेच कळंना झालंय.